घरचे चेहरे

रविवार, १ जून

आलो एकदाचे! सामानाचा ट्रक अकराला यायचा तो दोनला आला. ट्रकवाल्याने प्रत्येक तक्रारीला "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणून वेळ मारून नेली, आणि फ्रिज दारातून जाईना म्हणून शेवटी दारच बिजागऱ्यांसकट उतरवावं लागलं. तरी आज माझा मूड बिघडवायची कुणाची बिशाद नाही. न्यूझीलंडात, लोअर हटमधलं हे लाकडी घर आता आमचं आहे, भाड्याचं नाही.

नवं घर, नवी वही, म्हणून रीतसर ओळख. मी चारुदत्त, पाण्याच्या पाइपलाइनी आखणारा इंजिनियर, मूळ पुण्याचा, त्यामुळे मत विचारायची कुणी तसदी घेऊ नये, ते आपोआप मिळतं. बायको सुचित्रा, इथल्या हॉस्पिटलात नर्स. मुलगी श्रिया, वय सहा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. पहिले दोन महिने माझं काम घरूनच, मागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून.

इथे येण्याचं खरं कारण लिहून ठेवतो. फेब्रुवारीत ऑकलंडला, माउंट वेलिंग्टनच्या भाड्याच्या घरात, भर दुपारी चोर शिरला. सुचित्रा नाइट शिफ्ट करून झोपली होती, श्रिया तापाने घरीच होती. चोराने लॅपटॉप नेला त्याचं काही नाही. पण जाण्याआधी त्याने श्रियाच्या खोलीचं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि दार पुन्हा हलकेच लावून घेतलं. हे श्रियानेच सांगितलं. तेव्हापासून सुचित्राला धड झोप नाही. मी तिला शब्द दिलाय की या घरात आपल्या माहितीशिवाय कुणी पोरीच्या खोलीपर्यंत पोचणार नाही.

बुधवार, ४ जून

दुधाने तोंड भाजलंय, तेव्हा ताक फुंकून पिणार. कॅमेऱ्यांवर मी तीन आठवडे अभ्यास केलाय. माझा ऑफिसातला मित्र विवेक म्हणाला, बॅटरीवाले चार घे, चिकटव आणि मोकळा हो. विवेकचं सगळं असंच. थंडीत बॅटरी मान टाकते आणि वायफाय नेमकं हवं तेव्हा रुसतं. मी वायरवाले घेतले आणि स्वतः छपराच्या पोकळीत सरपटत जाऊन वायरी ओढल्या. गुडघे बोलताहेत.

चार कॅमेरे: गाडीचा रस्ता, पुढचं दार, मागचा डेक, आणि घरात पॅसेजमध्ये एक. घरात नको म्हणून सुचित्रा अडून बसली होती, म्हणून तो खोल्यांमध्ये डोकावत नाही, नुसता पॅसेज बघतो. लोक कॅमेरा छपराला लावतात आणि मग चोराचा भांग तेवढा मिळतो. चेहरा हवा असेल तर दाराचा कॅमेरा छातीच्या उंचीवर पाहिजे. बाजूच्या जेनिसबाईंच्या अंगणाचा तुकडा चित्रात काळा करून टाकला आणि त्यांना नेऊन दाखवलाही. त्या खूश झाल्या, लिंबं दिली. रेकॉर्डर चादरींच्या कपाटात, कुलपात.

खरी गंमत पुढेच आहे. ही यंत्रणा चेहरे ओळखते. मी तीन याद्या केल्या: घरचे, पाहुणे आणि बंदी. पाहुणे आणि अनोळखी लोक दिसले की दोघांच्या फोनवर घंटा वाजते. घरचे आले की वाजत नाही, उलट पुढच्या दाराचं कुलूप आपोआप उघडतं. प्रत्येक चेहऱ्याशेजारी किती टक्के जुळला तेही येतं. श्रिया दारासमोर दहा वेळा नाचली, दहाही वेळा अठ्ठ्याण्णव टक्के. सुचित्रा काल सलग सात तास झोपली. आणखी काय हवं!

रविवार, ८ जून

वास्तुशांत झाली. गुरुजी एरवी सरकारी खात्यात सॉफ्टवेअर बघतात, त्यामुळे मंत्र स्पष्ट आणि वेळेवर. तीसेक माणसं होती. श्रीखंड मी स्वतः केलं, उरलं नाही. पॅसेजमध्ये चपला-बुटांचा डोंगर आणि माझा फोन खिशात सारखा केकाटतोय, अनोळखी माणूस, अनोळखी माणूस. शेवटी त्याला गप्प केला.

एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. हिरवं सुती लुगडं, अंगात स्वेटर नाही, पायात मोजे नाहीत, आणि बाहेर इथल्या जूनच्या हिवाळ्यातला वारा असा की कान गळून पडावेत. बोलल्या फारशा नाहीत. मी वाढत होतो, त्यांनी तीनदा भात मागून घेतला. श्रियाने त्यांना पाणी नेऊन दिलं, त्यांनी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. सुचित्राने स्वयंपाकघरात त्यांची ओटी भरली, पाया पडली आणि म्हणाली की केव्हाही या, घर आपलंच आहे. असं म्हणायचंच असतं. मला वाटलं, या सुचित्राच्या ओळखीच्या असतील. आपल्या पंगतीत बसलेल्या माणसाला तुम्ही कोण म्हणून विचारणं मला तरी जमणार नाही.

सोमवार, ९ जून

सुट्टी टाकून आज कालचे चेहरे लावले. एकेक चेहरा उघडायचा, नाव द्यायचं, यादीत टाकायचं. मला अशा कामात गोडी आहे, सुचित्रा त्याला रोग म्हणते. सगळी नावं लागली, त्या बाई तेवढ्या राहिल्या. सुचित्राला विचारलं तर ती म्हणाली, विवेकची आई असणार, त्याच्या बायकोची, आशालताची सासू, भारतातून आली असेल. मी नुसतं "काकू" लिहिलं.

आता कोणत्या यादीत टाकायचं? जिच्या पाया सुचित्रा पडली तिला बाकीच्या पोरासोरांबरोबर पाहुण्यांत ढकलणं बरं दिसेना. आल्या की घंटा वाजणार, दाराशी थांबवून ठेवणार, हे काय बरं दिसतं? घरच्यांत टाकलं. यंत्रणेने नक्की ना म्हणून विचारलं, मी हो म्हटलं.

गुरुवार, १२ जून

चार दिवस फोन गप्प आहे. खरी सुरक्षा अशीच असते, घरात आहे हे विसरायला होतं.

श्रिया शाळेतून आली की मी साडेतीन ते साडेचार मीटिंगमध्ये असतो, ती तिच्या खोलीत चित्रं काढते. आज जेवताना लक्षात आलं, तिच्या दोन घट्ट वेण्या घातल्यात, चांगलं तेल चोपडून. मी सुचित्राचं कौतुक करणार होतो, पण ती शिफ्टला पळाली. आणखी एक आनंदाची गोष्ट. श्रियाने आज मीठ मराठीत मागितलं. चक्क "जरा मीठ वाढ रे" म्हणाली. मी एवढा हरखलो की मीठ जास्तच वाढलं.

रविवार, १५ जून

क्रमाने लिहितो.

दुपारी विवेक आणि आशालता आले. सुचित्राने सहज सासूबाईंची चौकशी केली. आशालता म्हणाली, सासूबाई चार वर्षांपूर्वीच गेल्या. तिला तर त्या बाई माझ्या मावशी वाटल्या होत्या. मग मी काकूंचा फोटो वास्तुशांतीच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात सगळ्यांची उत्तरं आली. प्रत्येकाला त्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाटल्या होत्या. एकालाही त्यांचं नाव माहीत नाही.

सुचित्राने मला विचारलं की श्रियाच्या वेण्या मी कधीपासून घालायला शिकलो. मी म्हटलं, त्या तर तू घालतेस.

मी धावत जाऊन यंत्रणेत "काकू" शोधलं. घरच्यांची घंटा वाजत नाही, पण नोंद होते. वास्तुशांतीपासून कालपर्यंत रोज एक नोंद. पहिली सोडली तर वेळ दुपारी तीन चाळीस, बरोबर माझ्या मीटिंगची. सोमवारी मी मागच्या खोलीत चेहरे लावत होतो तेव्हा. काल मी मागे डेकवरचं शेवाळ घासत होतो तेव्हा. दारासमोर उभ्या राहतात, कुलूप उघडतं, पॅसेजमधून सरळ श्रियाच्या खोलीत जातात. दार हलकेच लावून घेतात.

सात वेळा आत. बाहेर एकदाही नाही.

वास्तुशांतीच्या दिवशीही नाही. सगळे निघाले, चपला शोधल्या, हसले, गेले. त्या नाहीत.

आम्ही चौघांनी घर उलटंपालटं केलं. कपाटं, छपराची पोकळी, जमिनीखालची जागा, गाडीची शेड. कुणी नाही. श्रियाला जवळ घेऊन विचारलं की काकू जातात कुठे. ती इंग्रजीत म्हणाली, त्या जात नाहीत बाबा. आणि चित्र रंगवत बसली.

पोलिसांना फोन केला. एक तरुण पोलीस आला, किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणून दारात बूट काढले, सगळं शांतपणे पाहिलं. चोरी काय झाली म्हणाला. काही नाही. कुलूप कुणी उघडलं म्हणाला. आमच्याच यंत्रणेने. लक्ष ठेवतो म्हणाला, आणि त्यांना यादीतून काढायला सांगून गेला. काकूंना बंदीत टाकलं. सुचित्रा श्रियाला घट्ट धरून झोपलीय. मला माझी लाज वाटते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोमवार, १६ जून

मीटिंग रद्द केली. तीन ते पाच पॅसेजमध्ये खुर्ची टाकून दाराकडे तोंड करून बसलो. कुणी आलं नाही. नोंद नाही, घंटा नाही. श्रिया माझ्या मागे जमिनीवर बसून तांदूळ निवडल्यासारखे क्रेयॉन निवडत होती. सुटलो असं वाटतंय.

मंगळवार, १७ जून

सकाळी आठ पस्तीसला, श्रियाला शाळेत सोडायला पायी निघालो तेव्हा, खिशात फोन केकाटला. बंदीतली व्यक्ती. काकू. पुढचं दार. बाहेर.

बाहेर! मी रस्त्यातच मोठ्याने हसलो असेन. गेली म्हणजे. श्रियाला शाळेत सोडलं, फाटकाशी उभं राहून ते चित्र उघडलं.

चित्रात मी आहे. माझा हात धरून श्रिया, दप्तर, निळं जाकीट. तिच्या चेहऱ्याभोवती चौकट. चौकटीवर "काकू", बासष्ट टक्के.

दुपारी ती नेहमीसारखी माझ्या पुढे धावत दाराशी गेली. कुलूप उघडेना. यंत्रणा तिला घरात घेईना. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी सुचित्राला म्हटलं. सॉफ्टवेअरची चूक आहे हे मी तिला पटवलं. बंदीची यादी रिकामी केली. आधी स्वतःला पटलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, १८ जून

श्रियाच्या सगळ्या नोंदी काढल्या. हे मी आधी का पाहिलं नाही? नाव बरोबर यायचं म्हणून. टक्के कोण बघतो!

आठ तारखेला अठ्ठ्याण्णव. दहाला त्र्याण्णव. बाराला चौऱ्याऐंशी. चौदाला एकाहत्तर.

काकू प्रत्येक वेळी आत आल्यावर, त्या दिवसापासून, कमी.

रेकॉर्डरची वायर उपटली. मग विवेककडे नेलं श्रियाला. त्याच्या फोनवर तिचे दहा फोटो काढले, वास्तुशांतीचे फोटो त्यात होतेच. त्याच्या फोनने आपणहून लोकांचे गट पाडले. श्रियाचे आजचे दहाच्या दहा फोटो त्या बाईच्या फोटोंच्याच गटात. दोन वेगवेगळ्या कंपन्या. एकच चूक कशी करतील?

मी डोळे फाडून बघतो. मला श्रियाच दिसते. तोच चेहरा, पडलेल्या दाताची तीच खिडकी. रोज बघणाऱ्याला काय कळणार? पोर वाढते तेही आपल्याला कधी दिसत नाही.

रेकॉर्डर पुन्हा जोडला. न दिसणं जास्त वाईट. जोडल्याबरोबर यंत्रणेने दोन छोटे चेहरे, श्रियाचा आणि काकूंचा, शेजारी शेजारी दाखवले आणि विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का. हो, नाही.

नाही दाबलं.

गुरुवार, १९ जून

काकूशी त्र्याऐंशी टक्के.

शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. श्रिया मैदानात अनवाणी फिरते, गारठत नाही. धाकट्या मुलांना रांगेत बसवून त्यांच्या गालांवरून हात फिरवते, बोटं मोडते. खूप प्रेमळ आहे म्हणाल्या. पण कुणी इंग्रजीत बोललं तर समजत नाही असं करते. घरी काही झालंय का?

यंत्रणेने आज चार वेळा विचारलं. ही एकच व्यक्ती आहे का. चारही वेळा नाही.

सुचित्राला टक्के सांगितले नाहीत. तिच्या ओळीने नाइट शिफ्ट आहेत, चुकीचं औषध दिलं जाईल हातून. उद्या मतारिकीची, इथल्या माओरी नववर्षाची, सुट्टी. परवा ती मोकळी झाली की सगळं सांगणार आणि आम्ही हे घर सोडणार. ख्राइस्टचर्चला, हॉर्नबीला तिचा भाऊ क्षितिज आहे. तिथे जाऊ. श्रियाला घेऊन. श्रियाच असेल तोवर. हे असं मी काय लिहितोय—

कुलूप आम्ही उघडून दिलं. बोलावलं आम्ही. घरचं केलं मी. त्या बाईने काही मोडलं नाही, काही मागितलं नाही. आम्ही हो म्हणेपर्यंत थांबते. प्रत्येक वेळी आम्हीच हो म्हटलंय. म्हणजे आता नाही म्हणत राहायचं. बस. एवढंच करायचं. नाही.

शुक्रवार, २० जून, सकाळ

एक्याण्णव.

थांबायचं नाही. आजच निघायचं. सुचित्रा शिफ्टवरून आठला आली, उभ्या उभ्या झोपत होती. दुपारपर्यंत झोपू दे, गाडी मीच चालवीन. बॅगा भरतोय. श्रिया मदत करतेय. घड्या इतक्या छान घालते. सहा वर्षांच्या मुलीला साडीची घडी—

साडी कुठून आली? हिरवी. सुती.

तिची बाहुली तिने स्वतःहून बॅगेतून काढून ठेवली. लहान मुलांचा खेळ, म्हणाली.

मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. माझी पोर आहे ती. श्रिया. श्रिया. श्रिया. लिहून ठेवतो.

दुपार

विचारलं. नाही. विचारलं. नाही. अकरा वेळा झालं. चालेल. हजार वेळा दाबीन.

एक वाजता

विचारणं थांबलंय.

अर्धा तास झाला, फोन गप्प. यादी उघडली. घरचे: चारुदत्त, सुचित्रा, काकू.

श्रिया नाही. नोंदीत नाही, जुन्यात नाही, आठ तारखेच्याही नाही. सगळीकडे एकच नाव. शंभर टक्के.

सुचित्राला हलवून उठवलं. तिचा फोन उशाशी. ती झोपेतच म्हणाली की तिचाही फोन सारखा वाजत होता. श्रियाचेच दोन फोटो दाखवून विचारत होता, एकच का, एकच का. एकच तर आहे, म्हणून हो म्हटलं. तुला नव्हतं का विचारलं आधी, म्हणाली.

मी सांगितलं नव्हतं. मी तिला सांगितलं नव्हतं. यंत्रणा दोघांच्याही फोनवर आहे, मीच तर घातली, आणि मी तिला—

सुचित्रा उठली. श्रियाला हाक मारली. पुन्हा मारली.

पॅसेजमध्ये पावलं. अनवाणी. हळू, गुडघे दुखणाऱ्या माणसाची.

सुचित्राने स्वतःच्या तोंडावर हात दाबलाय. ती माझ्या मागे दाराकडे बघतेय. मी वळणार नाही. मी लिहितो. लिहीत राहिलो तर—

आवाज श्रियाचाच आहे. तोच. देवा, अगदी तोच. विचारतेय, बाळ, जेवलास का रे. किती वाळलायस.

मी नाही म्हणतोय. मोठ्याने म्हणतोय. नाही नाही ना

हात गालावर. लहानच आहे हात, क्रेयॉन लागलेला. म्हणते, पुरे आता, ठेव ती वही. आण इकडे, मी